पलीकडच्या शेताचं इंजिन

आमचं घर पाण्याच्या अलीकडे आणि आमचं शेत पाण्याच्या पलीकडे. आजोबांच्या वेळी धरण झालं, खोऱ्यात पाणी चढलं, आणि आमची म्हणून जी जमीन उरली ती समोरच्या काठावर, टेकडीच्या पायथ्याशी उरली. वस्ती उठून अलीकडे आली. शेणव्याचा रस्ता, शहापूरची एसटी, शाळा, दवाखाना हे सगळं अलीकडे. भात तेवढं पलीकडे. आई धसईकडची. लग्न होऊन आली त्या दिवशी आजीने तिला अंगणात उभं करून सांगितलं होतं, "हे घर. आणि ते पाण्यापार हिरवं दिसतंय ना, ते तुझं शेत." आईने ते 'तुझं' मनावर घेतलं.

रिकामी होडी वल्ह्याने कोणीही मारील. पोती भरलेली होडी वेगळी. वारा समोरून असला की ती पुढे जायचं नावच घेत नाही. बाबा वल्हवायचे, आई पत्र्याच्या डब्याने आत आलेलं पाणी उपसायची, आणि मी पोत्यावर बसून दोघांना पाढे म्हणून दाखवायची. लहान होते तोवर मजा वाटायची.

मग बाबांचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर उचलेना. वल्हं मारायचं म्हणजे काका मोकळे असतील तेव्हा. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. त्यांची स्वतःची शेती अलीकडे, ती आटपल्यावर आमची पाळी. एका वर्षी झोडणी होऊन भात पलीकडच्या खळ्यावर पडून राहिलं आणि दिवाळीनंतरचा पाऊस आला. वरचं प्लास्टिक वाऱ्याने उडालं. भाताला पोत्यातच मोड आले. जे वाचलं ते गिरणीत नेलं तर तांदळाच्या कण्या पडल्या. ते वर्षभर आम्ही कण्यांची पेज प्यायलो. पाहुणे आले की आई मागच्या दाराने शेजारी जायची, वाटीभर अख्खा तांदूळ आणायची आणि पाहुण्यांच्या ताटात मूद पाडायची. मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात शिकत होते. डब्यात कण्यांच्या भाकऱ्या असायच्या. मैत्रिणींना मी सांगायचे, मला याच आवडतात. काही दिवसांनी त्या खरंच आवडायला लागल्या, ते सोडा.

मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. आईकडचे, बाबांकडचे सगळे मोजले तरी मीच पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. वाशिंदच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. घरात पगार यायला लागला आणि तेव्हाच बाबांनी ठरवून टाकलं.

"पुढल्या सालापासून पलीकडं पेरायचं नाय," ते जेवताना म्हणाले. "पलीकडचा तुझा तो चुलत भाऊस मागतोय अर्धेलीने. त्याला देऊन टाकू. दिवाळी झाली की जाऊन शब्द देतो."

चुलत भाऊस म्हणजे आईच्या लांबच्या नात्यातला, पलीकडच्या काठावरच शेती करणारा मामा. माणूस चांगला. अर्धेलीत, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाटणीत, फसवणारा नव्हता. पण आईने भाजीचा टोप उचलला आणि असा काही आदळला की कोंबडी पडवीतून अंगणात गेली.

"पोरगी कमावते ना आता," बाबा म्हणाले. "इकत घेऊ तांदूळ."

"झिनी इकत मिलते?" आईने विचारलं. "आणि वाल? माझ्या वालाची चव हाय बाजारात?"

झिनी हा आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. भात निघालं की त्याच ओलीवर आई वाल पेरायची. तिच्यासाठी ते शेत म्हणजे पोट भरायचं साधन एवढंच नव्हतं. घरात ती कोणाची तरी सून, कोणाची बायको, कोणाची आई. पलीकडच्या बांधावर मात्र सगळे तिला विचारून पेरायचे. ते शेत जाणार म्हटल्यावर ती दोन दिवस पायात काटा रुतून राहिल्यासारखी चालत होती.

मग मी म्हटलं, "इंजिन चालू करू."

बाबा हसले. "मेलं ते."

"मेलंय तर दर दसऱ्याला पूजा कोणाची करतो आपण?"

बाबांनी पडवीकडे पाहिलं.

पडवीत, पेंढ्याच्या ढिगामागे, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. मूळचं ते पाणी उपसायचं. मुरबाडकडच्या एका भेंडीवाल्या शेतकऱ्याने विहिरीवर वीज आल्यावर काढून टाकलं, ते बाबांनी आणून होडीत बसवलं होतं. मी अगदी लहान होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा वस्तीतली लग्नाची वऱ्हाडंसुद्धा आमच्या होडीतून जायची आणि नवरदेव इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायचा. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं असताना बुडालेल्या सागाच्या खोडावर होडीचा पंखा आपटला, त्याचा दांडा वाकला. बाबांनी इंजिन काढून पडवीत ठेवलं, पावसाळा झाला की करू म्हणून. कितीतरी पावसाळे झाले. त्यावर कोंबड्या अंडी घालायच्या. वर्षातून एकदा, दसऱ्याला, आई पेंढा बाजूला करायची, विळे-कोयते-नांगर यांच्याबरोबर त्यालाही झेंडूचा हार घालायची, तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा लावायची, नारळ फोडायची आणि परत पेंढा ओढून घ्यायची.

बाबा शेवटी म्हणाले, "इंजिनावर होडी पलीकडं गेली तर शेत ठेवू. नाय गेली तर मी शब्द देणार. मग कोणी टोप आपटायचे नाय."

"चालेल," आई म्हणाली. मला न विचारता.

पहिल्या रविवारी इंजिन अंगणात ओढून काढलं. काका बघायला आले आणि पारावर बसावं तसे ओट्यावर बसले.

"काय गो, कालेजात इंजिनाचा धडा होता काय?"

"नाय काका. गंज कसा लागतो ते होतं."

"मंग लागलेला काढायचा कसा?"

"ते दुसऱ्या सरांकडे होतं. ते रजेवर होते."

काका इतके हसले की आईने त्यांना चहा दिला.

सायलेन्सर काढला तर आतून उंदराचं बिऱ्हाड निघालं. भाताची तूस, कापसाचे बोळे, माझ्या जुन्या गणवेशाची एक निळी चिंधी. चांगला संसार होता. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं ते बाजूचं जड चाक, काकांनी आणि मी मिळून जोर लावला तरी केसभर हलेना. पिस्टन आत चिकटला होता. मी डिझेल आत फवारणारं वरचं नोझल काढलं, त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल एकत्र करून ओतलं आणि वर फडकं कोंबलं. गंजाच्या फटीत तेल हळूहळू उतरतं, घाई केली तर काहीतरी तुटतं, एवढं मला माहीत होतं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी थोडं तेल ओतायचं आणि चाक मागे-पुढे ढकलून बघायचं, असं मी सुरू केलं.

बाबा लांबूनच बघायचे. मेलेल्या इंजिनात त्यांना रस नव्हता. पण एका संध्याकाळी मी कामावरून घरी आले तर त्यांचा डावा तळवा काळा झालेला.

"हे काय?"

"कोलसा उचलला."

आमच्या घरी कोळसा नव्हता.

पुढे एक दिवस लॅबमध्ये होते तर आईचा फोन. ती कामाच्या वेळी कधीच फोन करत नाही, म्हणून हातातलं टाकून मी तो घेतला.

"हललं गो! हललं! तुझ्या बापाने हलवलं!"

ती एवढ्या मोठ्याने बोलली की शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो मॅडम. इंजिन हललं."

त्यांनी मान हलवली. काय समजल्या कोण जाणे.

त्यानंतर बाबांनी लपवाछपवी सोडली. नोझल मी रुमालात गुंडाळून मुरबाडला एका वर्कशॉपमध्ये नेलं. एसटीत माझ्या पर्सचा वास अख्ख्या गाडीला येत होता. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमच्या पर्शीत पंप उघडलाय काय?" वर्कशॉपवाल्याने नोझल साफ करून, दाब तपासून दिलं आणि विचारलं, "इंजिन कोण बघतंय?" मी म्हटलं, मी. त्याने दुसरं काही विचारलं नाही, फिल्टर मात्र नवीन बसवा म्हणाला. वाकलेला दांडा शहापूरच्या लेथवाल्याने सरळ करून दिला. पाणी खेचायची रबरी नळी कडक होऊन फुटली होती, ती बदलली. एकेक सुटा भाग आईने अंगणात गोणपाटावर मांडला आणि रॉकेलने भांडी घासावी तसा घासला.

डिझेलची टाकी मी आतून तीनदा विसळली. तिचं झाकण घ्यायला हात पुढे केला तर आईने ते आपल्या पदराखाली घेतलं.

"ह्याला नको रॉकेल. ह्याच्यावर देवाचं हाय."

झाकणावर दसऱ्याचं कुंकू होतं. दर वर्षाचं एकावर एक. लाल-काळा जाड थर, देवळातल्या शेंदराच्या देवासारखा.

"बरं," मी म्हटलं. झाकणच ते. त्यात काय घासायचं?

एका रविवारी सकाळी इंजिन होडीत बसवलं. होडी काठाला बांधलेली. वस्तीतले सगळे जमले. सुट्टीचा दिवस, फुकटची करमणूक. आईने नारळ फोडला आणि झाकणावर ताजा टिळा लावला. मी डिझेल भरलं, नळीतली हवा काढली. बाबांना हँडल मारता येत नव्हतं, ते काकांनी घेतलं.

"फिरव, फिरव, सोडू नको!" बाबा ओरडत होते. काकांनी दात-ओठ खाऊन हँडल फिरवलं. इंजिनाने एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज केला. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून उरलीसुरली तूस उडाली आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर पडली. तिसऱ्यांदा ते लागलं. धड्-धड्-धड्-धड्. काळा धूर, मग करडा, मग विरळ. पाण्यावर आवाज गेला, समोरच्या टेकडीवर आपटून परत आला. बाबांनी टोपी काढली आणि परत घातली. काय करावं हे त्यांना सुचेना.

आणि ते बंद पडलं.

हवा काढली, परत मारलं. लागलं. थोडा वेळ छान चाललं, परत धापा टाकत बंद. असं तीन-चार वेळा झालं. प्रत्येकाचं एक मत.

"नजर लागली. एवढी माणसं कशाला बोलावली?"

"डिझेलमधी पाणी असंल."

"इतकी वर्स झोपलेला माणूस तरी लगेच धावतो काय? दम लागतोय त्याला."

नवीन फिल्टर परत काढून पाहिला, स्वच्छ. नळी पाहिली, फुटलेली नाही. इंजिन बंद पडलं की नळीत डिझेल उतरायचं थांबलेलं असायचं, आणि संपलं का म्हणून मी टाकी उघडून बघायचे तर टाकी भरलेली. वर थोडं डिझेल ओतून झाकण लावलं की पुन्हा चालू.

"भरल्या पोटी मागतंय," काका म्हणाले. "आपल्या वस्तीवरचंच दिसतंय."

लोक हसत हसत घरी गेले. बाबांनी पाण्यापलीकडे पाहिलं. "मामा वाट बघत असंल," ते म्हणाले. त्यांनी मामाला त्याच रविवारी येतो म्हणून निरोप दिलेला होता. "अशीच नेऊ होडी. जाईल तिथवर जाईल. वल्ही घ्या सोबत."

आम्ही चौघे निघालो. बाबा सुकाणूवर, मी इंजिनापाशी, काका वल्ही घेऊन मधे, आई पुढे. आईला कोणी बोलावलं नव्हतं. ती आधीच जाऊन बसली होती. होडी अशी निघाली की काठाचं गवत वाकलं. आईच्या तोंडावर वारा, पदर उडतोय, आणि ती मागे न बघता समोर शेताकडे बघत बसलेली. बाबा ओरडून काहीतरी सांगत होते, ऐकू कोणालाच येत नव्हतं, तरी सगळे हो म्हणत होतो.

पाण्याच्या मध्यावर धडधड मंदावली. धापा. एक उचकी. बंद.

एकदम इतकं शांत झालं की पलीकडच्या काठावर मामाचा बैल ओरडला तोही ऐकू आला. मामा काठावर उभा होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"येऊ काय वढायलाऽऽ?"

"नकोऽऽ!" आई ओरडली.

काकांनी वल्ही उचलली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "झालं ना," ते हळू म्हणाले. "जेवढं करायचं तेवढं केलंस."

"अजून संपलेलं नाय," मी म्हटलं आणि टाकीचं झाकण फिरवलं. माझी खात्री होती की आतलं डिझेल मला दिसणार. पण या वेळी आजूबाजूला कोणी बोलत नव्हतं, म्हणून मला आवाज ऐकू आला. झाकण सैल होताना टाकीने आत हवा ओढली. फुस्स. लोणच्याची बरणी उघडताना होतो तसा.

मी झाकण तसंच धरून बसले. टाकीतून डिझेल खाली जातं तर त्याची जागा घ्यायला वरून हवा यायला हवी. हवा नाही आली तर डिझेल वरच अडकणार. बाटली उलटी केली तरी तेल यायचं थांबतं, तसंच. म्हणून प्रत्येक वेळी झाकण उघडलं की इंजिन चालायचं. भूक त्याला नव्हतीच. मग हवा यायची वाट कुठे?

"बाबा, झाकणाला भोक असतं ना?"

बाबा वळले. "असतं. बारीक. मधोमध."

मधोमध आईचा टिळा होता. आजचा ओला, त्याखाली गेल्या दसऱ्याचा, त्याखाली त्याच्या आधीचा, थेट इंजिन पडवीत आलं त्या वर्षीपर्यंत. तेल-कुंकवाचा तो थर वाळून लाखेसारखा झालेला.

"आई, पिन दे."

आईच्या बांगडीत नेहमी दोन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. तिने एक काढून दिली. मी थर खरवडला तसे लाल तुकडे होडीत पडायला लागले. आई पुढून वळून बघत होती.

"काय करतेस गो? देवाचं हाय ते!"

"देवाचा श्वास कोंडलाय आई!"

"मंग टिळा कुठं लावायचा होता? कपाळालाच लावतात ना! मला काय म्हाईत, ह्याचं नाक कपाळात हाय!"

आधी काका हसले. त्यांच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं आणि तरंगत चाललं, तरी हसत होते. मग बाबा. खांदा दुखतो म्हणून ते हसताना हात पोटाशी धरतात. तसा हात धरून ते सुकाणूवर वाकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आमचीच भक्ती! पंधरा नारळ फोडून त्याचं नाक बंद केलं!" आई थोडा वेळ रागावून बघत राहिली, मग तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. काठावरच्या मामाला वाटलं की होडी बुडतेय आणि आम्ही रडतोय. तो अर्धा पाण्यात उतरला होता.

पिन आरपार गेली. भोकातून उजेड दिसला. झाकण लावलं, हवा काढली, काकांनी हँडल मारलं. लागलं. आम्ही आधी गोल फिरून पळून गेलेलं वल्हं पकडलं आणि मग सरळ पलीकडचा काठ धरला. मी पूर्ण वेळ कान इंजिनाकडे लावून होते. ते कुठेच अडखळलं नाही. खुद्द बाबांनी काठाला लागल्यावर लिव्हर ओढून बंद केलं. बंद करावं लागलं, हेच मोठं.

मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. "काय दाजी, शेताचं बोलायला आला ना?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई तोवर उतरून बांधावर पोचलीसुद्धा होती आणि खळ्यावर ठेवलेली यंदाच्या भाताची पोती मोजल्यासारखं त्यांच्यावर हात फिरवत होती.

"बोलायला आलोय," बाबा म्हणाले. "शेत आमीच करतोय. तुला वाईट नको वाटायला."

मामाने पाण्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. "वाईट कशाला वाटंल? मंग माझं भात घेऊन जाल का गिरणीवर? मला डोक्यावर वाहून नेऊन नेऊन मानेचा मणका राहिला नाय."

"नेऊ की," आई बांधावरून ओरडली. "पण आधी माझं."

त्या दिवशी उन्हं उतरायच्या आत आम्ही खळ्यावरचं निम्मं भात आणलं. पुढच्या रविवारी उरलेलं. पोती घरात रचली, एकही भिजलं नाही. नंतर मामाचं आणलं, मग आणखी दोघांचं. कारखान्यात सोमवारी माझ्या नखांत काळं ऑइल होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी इंजिनाचं सगळं सांगितलं, भोकासकट, आणि त्यांनी डबा खायचं थांबवून ऐकलं. मी इंजिन दुरुस्त केलं हे सांगताना मला बी.एस्सी. झाले हे सांगण्याइतकाच आनंद होतो. खोटं कशाला बोलू, थोडा जास्तच.

पुढचा दसरा आला तेव्हा आई कुंकवाची वाटी घेऊन इंजिनासमोर आली. "कुठं लावू? नीट सांग," तिने मला विचारलं. मी फ्लायव्हीलच्या वरची लोखंडी पट्टी दाखवली. तिने तिथे टिळा लावला, हार घातला.

त्या वर्षी पावसाळ्यातच आम्ही पलीकडे पूर्ण शेतात झिनी लावली होती. भात निघाल्यावर आईने वाल पेरले. भात आणि वाल दोन्ही इंजिनाच्या होडीने घरी आले, आणि शेत अजून आमच्याच हातात आहे.